चाकोंचा आठवडा

"अहो, अर्धा ग्लास तरी प्या. डॉक्टर काल काय म्हणाले ते ऐकलंत ना?"

ह्यांनी मान खिडकीकडे वळवली. सकाळचे दहा वाजले होते. उठल्यापासून पोटात गेलं होतं ते गोळ्या गिळण्यापुरतं घोटभर पाणी.

"मूत्रपिंडांवर ताण येतोय म्हणाले ते."

"येऊ दे."

मी ग्लास टेबलावर ठेवला. हे पाणी का पीत नाहीत ते मला ठाऊक होतं. पाणी प्यायलं की थोड्या वेळानं उठावं लागे, उठायचं तर मला हाक मारावी लागे, आणि हाक मारणं त्यांना नको होतं. बाकी काही नाही.

तेव्हा आम्ही सोलापुरात राहत होतो. हे पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. कालव्यांचे, दरवाजांचे नकाशे काढण्यात हयात गेली. वळणदार अक्षर, टोकदार पेन्सिल, आणि कुणाची मदत म्हणून घ्यायची नाही असा स्वभाव. शर्टाला इस्त्रीसुद्धा स्वतः करत. सत्तावन्नाव्या वर्षी, निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना, त्यांची डावी बाजू गेली. बोलणं शाबूत राहिलं, डोकं शाबूत राहिलं. कधीकधी वाटे, डोकं थोडं कमी शाबूत राहिलं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं. आमच्या न्हाणीघराचा उंबरा वीतभर उंच. तिथं ह्यांना नेता येत नसे, म्हणून मागच्या पडवीत चादर बांधून, खुर्चीवर बसवून मी त्यांना अंघोळ घालायची. ते डोळे मिटून घेत. अंघोळ संपेपर्यंत उघडत नसत. चौदा महिने असं चाललं होतं.

त्याच दुपारी टपालानं एक पत्र आलं. ज्या कंपनीच्या नावाचा मी बरीच वर्षं राग करत आले होते, तिचं.

सात वर्षांपूर्वी एका हॉटेलात जेवण आणि चित्रफीत दाखवून त्या कंपनीनं ह्यांना महाबळेश्वरजवळच्या एका रिसॉर्टमधला वर्षातला एक आठवडा विकला होता. टाइमशेअर. आठवडा कुठला, तर जुलैचा दुसरा. आम्ही तिथं एकदाच गेलो. सात दिवस धुकं पाहिलं आणि ओले टॉवेल घेऊन परत आलो. मग विकणाऱ्यानं सांगितलेली दुसरी गोष्ट करून पाहिली, अदलाबदलीची. आपला आठवडा त्यांच्याकडे जमा करायचा आणि त्या बदल्यात दुसऱ्या कुणी जमा केलेला, दुसऱ्या गावचा आठवडा मागायचा. ह्यांनी तीन वर्षं मुन्नार मागितलं. तिन्ही वर्षं उत्तर आलं, आपलं नाव प्रतीक्षायादीवर आहे. आणि आता पत्र आलं होतं की जमा केलेला आठवडा मार्चअखेर वापरला नाही तर बुडेल.

मी मुंबईच्या ऑफिसला फोन लावला. प्रवास करायचा माझा विचार नव्हता. आमचं नाव काढून टाका, एवढंच सांगायचं होतं.

"एक्स्चेंज विभाग, रोझलिन लोपीस बोलतेय."

आवाज मध्यम वयाच्या बाईचा होता. मराठी वसईकडचं, मोकळं. मी माझं म्हणणं सांगितलं.

"मॅडम, नाव काढता येतं. पण एक आठवडा जमा आहे तुमचा. तो का सोडताय?"

"तुम्ही देत नाही म्हणून. तीन वर्षं मुन्नार मागतोय आम्ही."

"कुठल्या महिन्यातलं?"

"मे. नाहीतर डिसेंबर."

"तिथंच सगळं अडलं," ती म्हणाली. "तुमचा जुलैचा आठवडा म्हणजे पांढरा. मे आणि डिसेंबर लाल, गर्दीचे. पांढरा टाकून लाल मिळत नाही, मिळाला तर नशीब. विकणाऱ्या मुलांनी हे तुम्हाला सांगितलं नसणार."

"नाही सांगितलं."

"नाहीच सांगत. सगळ्यांचे आठवडे एका मोठ्या पेटीत पडतात असं समजा. ज्याच्या आठवड्याला मागणी जास्त, त्याचा हात पेटीत आधी जातो. तुमचा हात शेवटी जाणार. पण शेवटी काही नसतं असं नाही. तारीख अगदी जवळ आली आणि घर रिकामं राहणार असलं की रंग कुणी बघत नाही. तुम्ही गाव धरून बसू नका. तुम्हाला काय पाहिजे ते मला सांगा."

मला काय पाहिजे! चौदा महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. आणि कसं कोण जाणे, त्या अनोळखी बाईला मी सगळं सांगून बसले. पक्षाघात, पडवीतली चादर, पाण्याचा ग्लास.

मग तिनं विचारलं, "बाजू कुठली गेली? डावी की उजवी?"

"डावी. का?"

"उजव्या हातात जोर आहे?"

"आहे. पण तुम्हाला काय करायचंय?"

"उंची किती साहेबांची?"

मला राग आला. रिसॉर्टच्या बाईला माझ्या नवऱ्याची उंची कशाला हवी? तरी सांगितली, पाच फूट आठ इंच.

"आठ दिवस नाव काढू नका," ती म्हणाली. "मी फोन करते."

पाचव्या दिवशी तिचा फोन आला. केरळात, वेंबनाड तलावाच्या काठी, घर नंबर चार. तळमजला, स्वतंत्र स्वयंपाकघर. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, म्हणजे पुढच्याच महिन्यात.

"लोपीसबाई, ह्यांना खाटेवरून खुर्चीवर आणताना माझा जीव जातो. केरळ?"

"कन्याकुमारी एक्सप्रेस सोलापूरवरून जाते मॅडम. कोट्टायमला उतरा, पुढं तासाभरात पोचाल. माझं ऐका. जा."

"असं काय आहे तिथं?"

"मी स्वतः बघितलेलं नाही. न बघितलेल्याची जाहिरात मी करत नाही. पण जा."

आमची मुलगी विदुला पुण्यात बँकेत होती. तिला कळवलं तर ती फोनवरच रडकुंडीला आली. "आई, बाबांना दोन खोल्या ओलांडायला आपण दोघी लागतो. तुला ट्रेन सुचतेय?"

"मग तू ये. दोघी होऊ."

ह्यांना विचारलं तेव्हा ते छताकडे बघत म्हणाले, "तिथं तरी काय वेगळं होणार आहे? चादर घेऊन चल म्हणजे झालं."

मी खरंच चादर घेतली.

प्रवासाबद्दल फार सांगत नाही. ह्यांनी वाटेत पाण्याला हात लावला नाही, आणि कोट्टायमला उतरवताना दोन हमालांनी त्यांना उचललं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. विदुला माझ्याकडे अशी बघत होती की तिची नजर टाळण्यासाठी मी उगाच सामान मोजत राहिले.

घर नंबर चार पाण्यापासून वीसेक पावलांवर होतं. बैठं, लाल कौलांचं. आत शिरताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं आणि क्षणभरानं कळलं, चाकाची खुर्ची कुठं अडकलीच नव्हती. दाराला उंबरा नव्हता, सिमेंटचा उतार होता. आतल्या दारांनाही नव्हता.

"आई, इकडे ये," विदुलानं न्हाणीघरातून हाक मारली.

न्हाणीघर आमच्या स्वयंपाकघराएवढं मोठं. भिंतीला स्टीलचे जाड पाइप बसवलेले होते, हातानं धरायचे. एक दारापासून आतपर्यंत, एक कमोडशेजारी उभा, एक शॉवरखाली. शॉवरच्या खाली भिंतीतच पक्की केलेली लाकडी फळी, बसायला. साबण बसल्या जागी उजव्या हाताला येईल असा. पायाखाली खडबडीत फरशी.

मागून हे म्हणाले, "मला आत घे."

मी खुर्ची आत ढकलली. त्यांनी एकेक पाइप नजरेनं मोजला. ती त्यांची जुनी नजर होती, कालव्याचा नकाशा तपासायची. मग म्हणाले, "जाताना उजवीकडे आहे. आणि बघ, बाहेर येताना धरायला समोरच्या भिंतीवर वेगळा आहे. म्हणजे येतानाही उजवीकडेच."

"म्हणजे?"

"म्हणजे ज्यानं हे केलं त्याला डावा हात नसलेला माणूस माहीत होता."

त्या दिवशी आणखी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी तापवलं, पंचा घेतला, नेहमीसारखं त्यांना खुर्चीतून न्हाणीघराच्या दारापर्यंत नेलं. त्यांनी उजवा हात पाइपावर ठेवला आणि घट्ट आवळला. मी काखेत हात घालायला वाकले.

"तू बाहेर थांब," ते म्हणाले.

"अहो, पडलात तर?"

"प्रमिला, बाहेर थांब."

चौदा महिन्यांत त्यांनी मला नावानं हाक मारली नव्हती. मी मागं सरले. ते उठले. कसे उठले ते मी नीट पाहिलंही नाही, भीतीनं मी दाराची चौकट धरली होती. डावा पाय ओढत, पाइपाच्या आधारानं, एक पाऊल, मग दुसरं. मग दार लोटलं गेलं.

विदुला धावत आली. "बाबा आत एकटे आहेत? आई, तुला काही कळतं का?" तिनं दाराला हात लावला. मी तिचा हात धरला. आम्ही दोघी त्या बंद दाराबाहेर उभ्या राहिलो. फळी करकरली. नंतर कितीतरी वेळ काही नाही. विदुला माझा हात इतका दाबत होती की बांगडी रुतली. मग पाण्याचा आवाज आला. बंद झाला. पुन्हा आला.

पाऊण तास लागला. बाहेर आले तेव्हा सदऱ्याची बटणं एक घर सोडून लागली होती, कानामागं साबण तसाच होता, आणि धाप अशी लागली होती की जणू जिना चढून आलेत. खुर्चीत बसले.

"पाणी दे," ते म्हणाले.

मी ग्लास दिला. त्यांनी तो रिकामा केला आणि पुढं धरला. "अजून."

मी स्वयंपाकघरात गेले आणि माठाशी उभी राहून तोंडात पदर कोंबून रडले. विदुलानं येऊन माझ्या हातातला ग्लास घेतला, भरला आणि तिनंच नेऊन दिला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी विदुलाकडे मोजायची टेप, कागद आणि पेन्सिल मागितली. ती मालकिणीच्या थाटात रिसेप्शनवर गेली आणि सगळं घेऊन आली. मग बापलेक न्हाणीघरात. ती मापं सांगायची, हे मांडीवर पाट ठेवून नकाशा काढायचे. डाव्या हातानं कागद धरता येत नव्हता, म्हणून त्यांनी त्यावर साबणाची डबी ठेवली होती. "तेहतीस इंच? पुन्हा बघ. जमिनीपासून बघतेस ना?" हे त्यांचं ओरडणं ऐकून मला इतकं बरं वाटलं!

पाचव्या दिवशी दुपारी दाराशी एक म्हातारे गृहस्थ आले. तिकडची लुंगीसारखी नेसायची पांढरी मुंडू, अर्ध्या बाह्यांचा सदरा, हातात छत्री. आत यायला संकोचत होते. मोडक्या हिंदीत म्हणाले, "मी चाको. हा आठवडा माझा आहे."

काहीतरी घोटाळा झाला आणि आता घर सोडावं लागणार, असंच वाटलं.

"नाही, नाही," त्यांनी घाईनं हात हलवले. "तुम्ही राहा. मी फक्त विचारायला आलो. पाइप हलत तर नाहीत ना? दोन वर्षं कुणी बघितलं नाही. इथली हवा ओली. स्क्रू गंजतात."

त्यांनी चपला बाहेर काढल्या, परवानगी मागितली आणि न्हाणीघरात गेले. प्रत्येक पाइप दोन्ही हातांनी धरून, सगळं वजन टाकून त्यांनी हलवून पाहिला. शेवटच्या पाइपाशी ते बराच वेळ उभे राहिले. मग येऊन खुर्चीवर बसले.

त्यांची बायको अन्नम्मा. सात वर्षं तिची डावी बाजू गेलेली होती. आधी त्यांचं आयुष्य घर, दवाखाना, घर असं चाललं होतं. मग या आठवड्याचा उपयोग तरी करू म्हणून त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं, स्वतःच्या खर्चानं या घरात पाइप बसवू द्याल का. होड्या बांधणाऱ्या सुताराला आणून सगळं करून घेतलं. पाच वर्षं, दर फेब्रुवारीत, ती दोघं इथं येत. "वर्षातले सात दिवस ती मला म्हणायची, बाहेर थांब," ते म्हणाले, आणि हसले. "मग मी घरीही तसेच पाइप बसवले."

दोन वर्षांपूर्वी ती गेली. त्यानंतर ते इथं आले नाहीत. आठवडा कुणाला दिलाही नाही आणि अदलाबदलीत टाकलाही नाही. दुसरं कुणी त्या घरात राहावं हेच त्यांना सोसवत नव्हतं. घर दर फेब्रुवारीत त्यांच्या नावानं सात दिवस बंद राही.

"मग मुंबईहून त्या बाईंचा फोन आला. माझ्या पत्राला परवानगीचं उत्तर त्यांनीच टाइप करून पाठवलं होतं म्हणे. आठ वर्षांपूर्वी. त्यांच्या लक्षात होतं. म्हणाल्या, एक माणूस आहे, त्याची डावी बाजू गेलीय, तो पाणी पीत नाही. मी म्हटलं, विचार करतो. फोन ठेवला आणि मला आठवलं, अन्नम्माही पीत नसे. पाच मिनिटांनी मीच परत फोन केला."

मी हात जोडले. जुलैत धुक्यात बुडालेला आमचा आठवडा, आणि त्या बदल्यात हे. हे कुठल्या रंगाच्या हिशेबात बसत होतं?

ह्यांनी मात्र कागद पुढं केला. "चाकोसाहेब, घरी असं करणार आहे. बरोबर आहे का बघा."

चाकोंनी चष्मा चढवला. दोघांची डोकी नकाशावर झुकली. "हा तेहतीस इंच नको. अन्नम्मा बुटकी होती. तुम्ही उंच. पस्तीस करा. आणि पाइप भिंतीपासून दोन बोटं लांब. जास्त नको, हात आत अडकतो." ह्यांनी खोडलं, नवा आकडा लिहिला. तासभर ते दोघं पाइपांबद्दल बोलले. जाताना चाकोंनी ह्यांचा उजवा हात हातात घेतला आणि तसेच उभे राहिले. दोघंही एकमेकांचं सांत्वन वगैरे काही करत नव्हते. मग त्यांनी छत्री घेतली आणि गेले.

सोलापुरात परतल्यावर आठवड्याच्या आत उंबरा फुटला. वेल्डर नकाशा बघून म्हणाला, साहेब, एवढं बारीक कोण काढतं? हे म्हणाले, "मी." पुढं ते नऊ वर्षं जगले. त्या नऊ वर्षांत, अगदी शेवटचे वीस दिवस सोडले तर, अंघोळीला त्यांना माझी गरज लागली नाही. चादर मी पडवीतून काढली आणि फाडून पुसणी केली.

लोक मला अजून विचारतात, काकू, तुमच्याकडे टाइमशेअर होतं ना, ते अदलाबदलीचं जमतं का, घ्यावं का? मी खरं ते सांगते. ज्याला एक वर्ष आधी ठरवता येतं, ज्याचा आठवडा सुट्टीतला आहे, आणि हेच गाव पाहिजे असा ज्याचा हट्ट नाही, त्याला जमतं. बाकीच्यांनी साधं हॉटेल घ्यावं, स्वस्त पडेल. देखभालीचे पैसे दरवर्षी वाढतात, जाल किंवा न जाल. अकरा वर्षांत आम्हाला उपयोगी पडली ती अदलाबदल एकच. हे सगळं सांगून झाल्यावर समोरचा म्हणतो, म्हणजे फसलातच की तुम्ही. तिथं मला हो म्हणता येत नाही.

परत आलो त्याच्या दुसऱ्या सोमवारी, न्हाणीघराचं सिमेंट वाळल्यावर, मी लोपीसबाईंना फोन केला. काय बोलायचं ते मनाशी जुळवलं होतं, पण तिचा आवाज ऐकल्यावर सगळं विसरले. "तुम्ही बाजू विचारलीत, उंची विचारलीत, आणि मी तुमच्यावर चिडले," एवढंच म्हणता आलं.

"चाकोसाहेब भेटले?" तिनं विचारलं.

"भेटले. तुम्ही आधी का नाही सांगितलंत मला?"

"ते नाही म्हणाले असते तर? आणि पाइप अजून आहेत की काढले, ते मला इथं बसून कसं कळणार? खोटी आशा लावायची नव्हती ताई." मग ती म्हणाली, "बारा वर्षं बसतेय या टेबलावर. लोक फोन करतात ते मिळालं नाही म्हणून. मिळालं म्हणून आलेला फोन... थांबा जरा. माझ्या शेजारी चार मुली बसतात, नवीन आहेत, रोज शिव्या खातात. त्यांनाही ऐकू दे. मी स्पीकर लावते."

पलीकडून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. तेवढ्यात हे खुर्ची सरकवत माझ्याजवळ आले आणि त्यांनी हात पुढं केला. आजारपणापासून त्यांनी कुणाशीच फोनवर बोलणं ठेवलं नव्हतं. खात्यातल्या साहेबांचा फोन आला तरी नाही. मी रिसीव्हर दिला. त्यांनी घसा साफ केला.

"नमस्कार. मी चंद्रशेखर निंबर्गी बोलतोय, सोलापूरहून," ते ऑफिसात बोलावं तसं म्हणाले. "आज सकाळी मी माझ्या घरी एकट्यानं अंघोळ केली."

पलीकडून एका मुलीचा चाचरत प्रश्न आला, "काका, पाणी गरम होतं का?"

"होतं," हे गंभीरपणे म्हणाले. "जरा जास्तच."